लाल दिव्यापाशी डगडग

इथे परदेशी, मनुरेवा या उपनगरातले आमचे शेजारी बोलता बोलता इंजिनाचे आवाज काढतात. जुन्या गाडीचं व्ही-एट इंजिन त्यांनी हौसेने खोलून आणखी मोठं केलं आणि कॅमशाफ्टपाशी, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा कोणता बसवायचा यापाशी अडले. जहाल कॅमशाफ्ट बसवला तर गाडी उभ्या जागी गुरगुरते, थरथरते; मवाळ बसवला तर गुमान चालते. त्यांचा जीव जहालवर. पण बायकोने बजावलं होतं, "थरथरली तर मी बसणार नाही."

एकदा कुंपणावरून त्यांनी माझ्या आईलाच हाक मारली, "किया ओरा, आई!" असा इथला नमस्कार घातला आणि तोंडाने दोन्ही कॅमशाफ्टचे आवाज काढून दाखवले. "डग्... डगडग्... डग्!" मग, "हूंऽऽ."

आईला इंग्रजी येत नाही, पण हे कळलं. "अहो भाऊ, पहिला घ्या, पहिला!" इथे आल्यापासून तिचं मत कुणी विचारलं ते पहिल्यांदाच.

शेवटी त्यांनी मवाळच बसवला. रविवारी आम्हाला फिरायला नेलं. बायको पुढे, आई आणि मी मागे. गाडी लोण्यासारखी चालली होती. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

लाल दिव्यापाशी थांबल्यावर मात्र ते तोंडानेच सुरू झाले, "डग्... डगडग्..." बायकोने कपाळावर हात मारला. मागून आईने साथ धरली, "डग्!"

गाडी अगदी स्थिर होती. हसून हसून थरथरत होतो ते आम्ही चौघं, आणि सर्वांत जास्त त्यांची बायको.