नावं घातलेल्या थाळ्या

माझी बडबड फार, असं पाड्यावर सगळेच म्हणतात आणि ते खरंच आहे. इतकी वर्षं अंगणवाडीत काढली की बाईला वाटायला लागतं, मोठी माणसंही आपलं बोट धरून चालतील. मलाही तसंच वाटलं होतं. थाळ्यांचा उद्योग त्यातूनच सुरू झाला.

जामसरच्या पुढे आमचा पाडा. पूर्वी लग्नाची पंगत पळसाच्या पानांवर बसायची आणि जेवणानंतर ती पानं खतात जायची. आता जव्हारच्या बाजारातून चंदेरी, प्लास्टिकचा थर असलेल्या पत्रावळ्या येतात, प्लास्टिकचे ग्लास येतात. बंदी आहे म्हणतात, असेल. लग्न उरकलं की सगळं शेतात पडतं. भातकापणीनंतर आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात, आणि वरणभाताचा वास लागलेली पत्रावळ गुरं काही सोडत नाहीत. माझ्या थोरल्या जावेचा बैल तसाच मेला. कापल्यावर पोटातून प्लास्टिकचा एवढा मोठा गोळा निघाला. दीर आधीच गेलेले, मूलबाळ नाही. राहिलेला बैल विकून तिने गाय घेतली, आणि त्या गाईशी ती माझ्यापेक्षा जास्त बोलायची.

त्या गोळ्यानंतर मी पेटले. बचत गटात सांगितलं, प्रत्येक घराने स्टीलच्या चार-दोन थाळ्या द्यायच्या. वीटभट्टीच्या कामावरून येताना आणलेल्या, आहेरात आलेल्या, पोचे पडलेल्या, कसल्याही चालतील. त्या गावाच्या थाळ्या. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायच्या, घासून परत आणायच्या. बायका म्हणाल्या, हरवल्या तर? तेव्हा मी माझं डोकं चालवलं. जव्हारला भांडी दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे पोती घेऊन गेले. त्यांनी पोचे काढले आणि प्रत्येक थाळीवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलं. बायकांनी आपली नावं सांगितली नाहीत, पोरांची सांगितली. मीही माझ्या लेकीचं घातलं. जावेने विचारलं, गाईचं नाव चालंल का? चाचांनी हसत तेही घातलं.

फाल्गुनात पहिलं लग्न होतं. त्याआधीच माघात पाड्यावरचा एक म्हातारा वारला. त्याच्या दिवसाला, म्हणजे मरणानंतरच्या जेवणाला, माणसं खूप येणार होती, आणि त्याची सून पत्रावळ्या आणायला निघालेली मी पाहिली. मीच तिला अडवलं. म्हटलं, थाळ्या पडल्या आहेत की, ने. माझा आनंद असा की मी स्वतः पोती उचलू लागले. पंगत झाली, थाळ्या राखेने लख्ख घासून परत आल्या, शेतात एक कागद पडला नाही. मी सगळ्यांना दाखवत फिरले.

चौथ्या दिवशी एका घरातल्या मुलाला ताप भरला. हिवताप होता, जव्हारच्या दवाखान्यात नेऊन तो बराही झाला. पण त्याची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. म्हणाली, “माझ्या पोराचा नाव तू मरणाच्या जेवणाला बसवला.”

नवं किंवा नव्याने नाव घातलेलं भांडं पहिल्यांदा दिवसाच्या पंगतीला लागलं की आमच्याकडे ते लग्नाला चालत नाही, हे मला ठाऊक होतं. इथेच जन्मले, इथेच वाढले. पण कामाच्या घाईत ते ध्यानातच आलं नाही, आणि वर जिवंत पोरांची नावं. फाल्गुनातल्या लग्नाला कुणी थाळ्या नेल्या नाहीत. परत न्या म्हटलं तर घरातही नकोत म्हणाले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पोती माझ्याच पडवीत राहिली. मी सगळ्यांना अडाणी म्हणत होते, मोठ्याने आणि रोज.

वैशाखात माझ्या लेकीचं लग्न ठरलं, आमच्याच मांडवात. जाऊ तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे काही मागायला आली. गाय गाभण होती, पावसाच्या आधी विणार होती. “तुझ्या घरी तरी थाळ्याच काढ,” म्हणाली. मी शब्द दिला. तुम्ही बघाच म्हणाले, माझ्यापासून सुरू होईल.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी एकटीच थाळ्या घासायला बसले. निम्म्या झाल्या आणि लेकीचं नाव हाताखाली आलं. मी त्याच थाळीला राख चोळत राहिले. स्वतःलाच समजावलं, स्टील आहे, ठिपके आहेत. मग म्हातारा डोळ्यांसमोर आला, आणि हळद लागलेली माझी पोर. मी थाळ्या पुन्हा पोत्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी जव्हारला जाऊन पत्रावळ्या आणल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. जावेने थप्पी पाहिली, आणि लग्नाच्या दिवशी गाय गोठ्यात बांधून ती लग्न लावणाऱ्या धवलेरीबरोबर गायला बसली.

लग्न छान झालं. वरात गेल्यावर मी कंबर मोडेपर्यंत शेत वेचलं. एकही पत्रावळ सोडायची नाही असं ठरवूनच वेचलं. पण दिवसभर वारा होता आणि ओहोळाच्या करवंदीत किती उडून अडकल्या ते मला दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी जावेने गाय त्याच ओहोळाच्या पाण्यावर सोडली. पुढच्या आठवड्यात गाईचं रवंथ थांबलं, पोट फुगलं. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत ती आडवी झाली होती. वासरू पोटातच राहिलं.

पुरुष म्हणाले, कापून बघू. जाऊ नको म्हणाली.

“पोटात काय हाय ते मला ठावं हाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “पोर सासरी बरी हाय ना?”

शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. मी हो म्हणाले. आणि खरंच, पोर बरी होती.

ज्येष्ठ लागायच्या आधी पाड्यावर आणखी एक लग्न होतं. नवरीची आई पत्रावळ्यांची थप्पी डोक्यावर घेऊन माझ्या दारावरून चालली होती. मला पाहून ती थबकली, आता ही काहीतरी बोलणार म्हणून. ऊन फार आहे, चहा घेऊन जा, एवढंच मी तिला म्हणाले.