इंपालाची खोळ

नळदुर्गच्या हमरस्त्यावर रेवणप्पा मिस्त्रीचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कडुनिंब; पण हैदराबादकडे जाणाऱ्या कुठल्याच ड्रायव्हरला पत्ता विचारावा लागत नसे. एकाहत्तर साली तिथे एक इंपाला आली. आठ सिलिंडरची, खाटेएवढ्या बॉनेटची अमेरिकन गाडी, हैदराबादच्या कुणा शौकीन शेठची. गावाबाहेर तिचं इंजिन जाम झालं. शेठने दोन दिवस वाट पाहिली आणि वैतागून कागदपत्रं रेवणप्पाच्या हातावर ठेवून एसटीने निघून गेला.

बैलांच्या दोन जोड्या जुंपून गाडी गॅरेजपर्यंत ओढत आणली, तेव्हा रेवणप्पाची बायको धुरपदाबाई हट्टाने मागच्या सीटवर बसली होती. तेवढ्या अर्ध्या मैलात तिने ठरवून टाकलं, की आता मुरुमला माहेरी जायचं ते हिच्यातूनच, आणि तेही भर बाजारातून. ती कधी काही मागणारी बाई नव्हती. रेवणप्पाने मान डोलावली आणि अडकला.

सोसायटीच्या गोदामातला हमाल हरिबा त्याचा जुना दोस्त. तो रोज संध्याकाळी यायचा आणि रोज एकच विचारायचा.

"आप्पा, हे धूड नीट करून करनार काय? चार आन्याची कोंबडी अन् बारा आन्याचा मसाला. मोडीत घाल."

त्याचं चुकत होतं असं नाही. गाडी पेट्रोल पिणार पाण्यासारखी, आणि तिचे पार्ट सोलापुरातसुद्धा कुणी पाहिलेले नव्हते. पण हौसेला मोल नसतं, आणि बायकोच्या हौसेला तर मुळीच नाही. रेवणप्पाने इंजिन उतरवून आतल्या शेडमध्ये नेलं. गाडीचा सांगाडा राहिला कडुनिंबाखाली.

मग दुष्काळ आला. ट्रक कमी झाले, गॅरेज बसलं. नवराबायको दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. उन्हाने गाडीचा रंग तडकेल म्हणून धुरपदाबाईच्या जिवाला घोर. तिने हरिबाकडून सोसायटीतली खताची रिकामी पोती मागून आणली. अशी पोती बायका एरवी दोन-तीनदा खळाळून धुऊन मगच शिवायला घेत. त्या वर्षी प्यायलाच घागरभर पाण्यासाठी कोसभर चालावं लागत होतं. पोती कोण धुणार? तिने ती नुसती झटकली आणि दाभणाने शिवून गाडीला खोळ घातली. कामावरून आल्यावर, खडीने फुटलेल्या बोटांनी. सतरा दिवस लागले. खोळ अशी घट्ट बसली, की हरिबासुद्धा म्हणाला, वैनी, गाडीला लुगडं नेसवलंत.

पुढच्या साली पाऊस झाला. रेवणप्पा इंजिनावर बसला तो बसलाच. ट्रकवाले हैदराबादच्या जुन्या बाजारातून एखादी रिंग, एखादा वॉल्व्ह आणून देत; मिळालं नाही ते तो स्वतः घासून बनवी. दर दसऱ्याला धुरपदाबाई खोळीवरूनच हळदकुंकू लावून हार घाली. आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही. मिस्त्री माणूस, बिघडलं होतं ते इंजिन, त्याच्याकडे त्याने बारा वर्षं पाहिलं. बाकीची गाडी धडधाकट होती, तिच्याकडे कशाला बघायचं?

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी इंजिन धडधडलं. धुरपदाबाई चहा टाकायला आत पळाली. रेवणप्पा आणि हरिबाने दाभणाचे टाके कापून खोळ ओढली.

खोळीबरोबर गाडीचा टपही आला. जिथे जिथे पोतं टेकलं होतं तिथे पत्र्याची चाळण झाली होती. रेवणप्पाने दारावर अंगठा दाबला, अंगठा आरपार गेला.

हरिबाने पोत्याची शिवण चिमटीत चोळून पाहिली.

"आप्पा, खताचं सल्फेट हाय ह्यात. आमच्या गोदामातला लोखंडी काटा ह्यानंच खाल्ला. पावसाची ओल लागली का लोखंड ठिवत न्हाय हे." मग त्याने शिवण हातातून सोडून दिली. "पोती म्याच दिली व्हती."

रेवणप्पाला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. आत कुणी तरी दार लोटून घेतल्यासारखं झालं. एवढंच सुचलं, की चहा उकळतोय.

"हिला सांगायचं न्हाय," तो म्हणाला. "जिवात जीव हाय तवर न्हाय."

धुरपदाबाई कपबश्या घेऊन आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

"आगं बाई! खोळ घातली तरी एवढी गंजली? न्हायतर काय झालं असतं!"

"व्हय," रेवणप्पा म्हणाला. "तुझ्या खोळीमुळंच एवढी तरी राहिली."

"मग करा की नीट. पत्रा काय, नवा मारता येतो. बारा वरसं काढली, आनखी दोन काढू."

मारता आला असता. तिचं म्हणणं बरोबर होतं. पण तसं केलं, तर पत्रा कशाने खाल्ला हे विचारणारा शहाणा रोज एक तरी दारात उभा राहिला असता.

"न्हाय," तो म्हणाला. "कटाळा आला मला. ट्रकवाले खोळंबलेत."

आठ दिवसांत भंगारवाला आला. रेवणप्पाने स्वतः घण घेऊन गाडी तोडली, आणि पोती चुलीत घातली. धुरपदाबाई कडुनिंबाखाली बसून रडली, मग तोंडाला पदर लावून आत गेली. तीन दिवस तिने अबोला धरला. चौथ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली,

"माझी हौस तुमाला कदी कळलीच न्हाय."

रेवणप्पाने भाकरी मोडली. "व्हय," तो म्हणाला, आणि जेवू लागला.