भोंग्याविना खिंड

दांबाचं सगळं आयुष्य रशियन जीपमध्ये गेलं. तिच्या पेट्रोलपंपाला हाताने हलवायची दांडी होती. जीप रुसली की दांडी हलवायची, दोन शिव्या घालायच्या, की निघाली. उलानबातरला राहणाऱ्या त्याच्या पोरांनी मग जपानी गाडी घेऊन दिली. हिचा पंप टाकीच्या पोटात, विजेवर चालणारा. त्याला ना दांडी, ना शिव्या ऐकू जात.

ही गाडी नेमकी खिंडीच्या पायथ्याशी बंद पडली, आणि थंडी अशी की थुंकी खाली पडायच्या आत गोठावी. मागच्या सीटवर उयांगाला कळा सुरू झालेल्या, शेजारी तिची सासू दुलमा. इस्पितळ खिंडीपलीकडे. हीटर इंजिनाबरोबरच गेलेला.

"काका, अजून किती वेळ?"

"तुझ्यापेक्षा कमीच लागेल पोरी," दांबा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच खोटा वाटला.

सवयीने तो बॉनेटखाली दांडी शोधू लागला.

"ती गाडी विकलीस रे मेल्या!" दुलमा आतून ओरडली.

मग त्याने तिलाच पुढे बसवून चावी फिरवायला लावली, आणि गाभण घोडीच्या पोटाला लावावा तसा टाकीला कान लावला. गुणगुण नाही. पंपाच्या वायरला टेस्टचा दिवा जोडला, तो पेटला नाही. म्हणजे वीजच पोचत नव्हती. फ्यूज तर धड होता. राहिला रिले, पंपाला वीज सोडणारी डबी. चावी फिरली की बोटाखाली 'टिक्' व्हायला हवं, ते झालं नाही. की बोटंच मेली होती? मागे उयांगाचा श्वास आखूड होत चालला होता.

शेजारीच अगदी तसाच दुसरा रिले होता, भोंग्याचा. त्याने तो उपटून पंपाच्या जागी दाबला.

"भोंग्याचा लावलाय. फिरवा वहिनी!"

टाकी गुणगुणली. इंजिन खोकलं आणि लागलं.

"भोंग्याचा काढलास?" दुलमाचा चेहरा उतरला. "मग वर ओवोला काय देणार?"

ओवो म्हणजे खिंडीतली ती देवाची दगडांची रास, खदग म्हणतात त्या निळ्या रेशमी पट्ट्यांनी मढलेली. सवड असेल तर उतरून तीन फेऱ्या घालायच्या, घाई असेल तर तीनदा भोंगा वाजवायचा. दांबाने हे कधी चुकवलं नव्हतं. पण आता गाडी थांबवायची त्याची छाती होईना.

ओवो दिसताच त्याने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मनोभावे ओरडला, "पीं! पीं! पीं!"

"जोरात की! उपाशी आहेस का?" म्हणत दुलमाही ओरडू लागली.

"हसवू नका हो, इथेच होईल!" उयांगा कळवळली. दांबाचं तोंड मिटलं. त्याने गाडी उतारावर सोडली.

इस्पितळात दोघींना आत नेलं. दांबा मात्र इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगपाशीच बसून राहिला. बंद केलं, ते पुन्हा लागलंच नाही, आणि आतून कुणी "शहराला न्या" म्हणालं तर? पेट्रोल जळत होतं. जळू दे.

अखेर दुलमा दारात आली. "मुलगी झाली! दोघी छान आहेत. आता तरी बंद कर ती घरघर, झोपू दे त्यांना."

दांबाने चावी फिरवली.