लेखिकेशेजारची कबर

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमधल्या एका दवाखान्यात नर्स आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यानं मायला आणि मला तिकडे बोलावून घेतलं. मी सौसरला शाळेत शिकवते. माय रामाकोन्याला, आमच्या गावी, राहते. तिचं आयुष्य दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत आणि कापसाच्या वावरांत गेलं. तिला वाचता येत नाही, पण गोष्टीचं वेड भारी. कॉलेजात होते तेव्हापासून मी तिला पुस्तकं वाचून दाखवत आले. त्यांतली एक जुनी इंग्रजी कादंबरी, मराठीत आलेली, तिची फार लाडकी. एका खेड्यातल्या बहिणींची गोष्ट. माय त्या बहिणींबद्दल अशी बोलायची, जशा काही त्या लग्न करून तिगावला दिल्या आहेत आणि सणाला येतीलच.

त्या लेखिकेचं गाव भावाच्या घरापासून फार दूर नव्हतं. त्याची ड्युटी होती, म्हणून मी आणि माय दोघीच बसनं निघालो.

गाव कसलं, एकच रस्ता. दोन्ही बाजूंना दगडी घरं, पलीकडे गव्हाची शेतं, एक चर्च आणि एक तळं. बसमधून उतरल्यावर माय चार पावलं चालली आणि तळ्यापाशी थांबली. गोष्टीतली धाकटी बहीण घसरून पडली ते हेच तळं का, असं तिनं मला विचारलं. मी हसले. गोष्टीतलं तळं असं खरंच कुठं असतं का, म्हणाले. पण लेखिकेचं घर दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना मी सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, हो, तेच. इतकी वर्षं मी ते पुस्तक वाचत होते, आणि माय ते गाव बघत होती.

घर गावानं मिळून जपलं आहे. मायनं चपला दाराबाहेर काढल्या. बाई नको नको म्हणत होत्या, ते तिनं ऐकलं नाही. खिडकीपाशी एक टेबल होतं, आपल्या पाटापेक्षा थोडं मोठं. एवढ्याशा टेबलावर एवढं मोठं पुस्तक झालं, हे पाहत मी त्याच्यापाशीच थांबले. माय मात्र सगळं घर फिरून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"ते लिहे, तवा रांधे कोण?" तिनं विचारलं.

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मायकडे क्षणभर पाहिलं, खुंटीवरची किल्ली घेतली, दाराला कुलूप लावलं आणि आम्हाला चर्चमागच्या कबरस्तानात नेलं.

तिथं दोन दगड शेजारी शेजारी होते, एकाच उंचीचे, एकाच घडणीचे. एक लेखिकेचा. दुसरा तिच्या स्वयंपाकिणीचा. तिला वाचता येत नव्हतं, बाई सांगू लागल्या. दिवसभर लिहिलेलं लेखिका संध्याकाळी चुलीपाशी बसून तिला वाचून दाखवायची. ऐकता ऐकता तिला जिथं डुलकी लागे, तेवढा मजकूर दुसऱ्या दिवशी खोडला जाई. मरताना लेखिकेनं एवढंच मागितलं होतं, की हिची जागा माझ्या बाजूला असू द्या.

हे मी मायला मराठीत सांगितलं.

"म्हंजे हिलेबी वाचता येत नव्हतं?"

"नाही, माय."

माय खाली बसली. स्वयंपाकिणीच्या दगडावरचा पाला तिनं पदरानं झाडला आणि मला नाव वाचायला सांगितलं. मी वाचलं. ते अवघड इंग्रजी नाव ती नीट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. लेखिकेचं नाव तिनं विचारलं नाही.

मग आम्ही चर्चमध्ये गेलो. भिंतीवर एक संगमरवरी पाटी होती. पहिल्या महायुद्धात गेलेली गावातली पोरं, बाई म्हणाल्या. कोणी नांगऱ्या, कोणी मेंढपाळ, एक लोहार. एकच आडनाव तीनदा आलं होतं. ते सख्खे भाऊ. मी एकेक नाव वाचत गेले आणि माय हात जोडून ऐकत होती.

"मजुराईचे नावं," ती हळूच म्हणाली. "देवाच्या घरात."

आम्ही निघणार एवढ्यात वर मनोऱ्यात घंटा सुरू झाल्या. गावातली माणसं घंटा वाजवायच्या सरावाला जमली होती. आमच्या बसची वेळ जवळ आली होती, मी मायला खुणावलं. ती हलली नाही. आवाज डोक्यावरून नाही, पायाखालून येत होता. मायनं तळहात भिंतीवर टेकवला आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं.

"भित हालून राह्यली, पोरी. हात लाव."

मी हात लावला. एवढी जाड दगडी भिंत खरंच थरथरत होती. बस गेली असावी. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.