ग्रेफोर्ड येईपर्यंत

सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या अतिशय पाटील नावाच्या तरुणानं मुनीमहाराजांसमोर हात जोडून व्हिडिओ गेमचा त्याग केला आणि त्या त्यागाची मुदत एका व्हिडिओ गेमवरच ठेवली. असला उद्योग जगात दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

तसा तो मूर्ख नव्हता. वय सत्तावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका ऑफिसात शेतांचे नकाशे काढून पाइपांचा हिशेब लावायचा. वडील पायगोंडा चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून घरात तो आणि आई गुणमाला, दोघंच. सातवीपासून त्याला गेमचा नाद. लग्नाची स्थळं बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही हा कानाला हेडफोन लावून बसलेला, म्हणजे काय ते समजा. त्याचा खेळातला जोडीदार बिरदेव, जत तालुक्यातल्या धनगराचा मुलगा, कॉलेजात त्याच्याच खोलीवर राहायचा. बिरदेव आता साताऱ्याकडे मेढ्याला कृषी सहायक होता, आणि संध्याकाळी दोघं आपापल्या घरून एकाच गेममध्ये भेटत.

पण त्या त्यागाआधीची दोन वर्षं अतिशयला काहीतरी झालं होतं. सेल लागला की तो नवनवे गेम घ्यायचा आणि ते न उघडता तसेच पडून राहायचे. उघडलाच तर पाच मिनिटांत बंद. बिरदेव वाट बघत बसायचा आणि हा डोकं दुखतंय म्हणून सांगायचा. लहानपणापासून जिच्यावर जगला तीच चव तोंडातून गेली होती, आणि दुसरं काही आवडायला तो शिकलाच नव्हता. याची त्याला फार भीती वाटायची.

एकच आशा उरली होती. ‘ग्रेफोर्ड’ या गेमचा तिसरा भाग येणार होता. पहिले दोन त्यानं आणि बिरदेवनं कॉलेजात वेड्यासारखे खेळले होते. सहा वर्षं वाट बघून झाली होती. ट्रेलर दोन मिनिटांचा, पण त्यातल्या प्रत्येक झाडामागं काय असेल यावर दोघं तासन्‌तास बोलत. तारीख जाहीर झाली होती, चौदा नोव्हेंबर. ग्रेफोर्ड आला की सगळं ठीक होईल, असं अतिशयनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्याच वर्षी महाराजांचा चातुर्मास सांगलीत होता. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, ओंजळीत, आणि कुणाच्या दारी थांबायचं ते आधी सांगत नाहीत. गुणमाला रोज सकाळी ओलेत्यानं स्वयंपाक करून, हातात कलश धरून दारात उभी राहायची. सतराव्या दिवशी महाराज त्यांच्या दारात थांबले. आहार झाल्यावर घरातला प्रत्येक जण काहीतरी सोडतो, अशी रीत आहे. कुणी चातुर्मासापुरता बटाटा सोडतं, कुणी वर्षभर चहा. महाराजांनी अतिशयकडं बघून विचारलं, तू काय सोडतोस.

गेम, असं तो म्हणाला. किती दिवस, असं त्यांनी विचारलं, आणि इथं अतिशयनं हुशारी केली. चातुर्मास संपायला आणि ग्रेफोर्ड यायला एकच आठवडा येत होता. तोवर विश्रांती मिळेल, मेलेली चव परत येईल, पुण्य पदरात पडेल ते वेगळंच. तो म्हणाला, ग्रेफोर्ड येईपर्यंत. महाराजांना ग्रेफोर्ड काय माहीत. त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला.

गुणमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा गेल्यापासून मुलगा तिच्याशी कमी आणि पडद्याशी जास्त बोलत होता, आणि आज त्यानं आपल्या तोंडानं ते सोडलं होतं. तिनं तिथंच हात जोडले आणि माझं पण एकाशन, म्हणाली. याचा नियम पूर्ण होईपर्यंत. एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं आणि उठल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. तीन-चार महिन्यांचा प्रश्न होता. ती हौसेनं बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, बायकांना सांगत सुटली, माझ्या अतिशयनं गेम सोडला म्हणून.

पहिला दीड महिना खरोखर बरा गेला. अतिशय झोपायला लागला, आईशी बोलायला लागला. मग हळूहळू बोटं शिवशिवायला लागली. तारखेवर नजर ठेवून त्यानं दिवस काढले. ऑक्टोबरच्या शेवटी कंपनीनं जाहीर केलं की दर्जासाठी थोडा वेळ लागतोय, ग्रेफोर्ड मार्चमध्ये येईल.

बिरदेवला नुसतं वाईट वाटलं. अतिशयनं आधी आईकडं बघितलं. ती त्या वेळी ताक पिऊन उठत होती आणि आता उद्यापर्यंत काही खाणार नव्हती. त्यानं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, होऊ दे की, चार महिने काय मोठं.

फेब्रुवारीत पुन्हा जाहीर झालं. आता वर्षअखेर, नक्की तारीख नाही. तोवर गुणमालाचे ब्लाउज सैल झाले होते. एप्रिलात ती बस्तीत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अतिशयला बाहेर घेऊन बोलले. हिमोग्लोबिन सहाच्या खाली आहे, असंच चाललं तर हृदयावर येईल, यांना दिवसातून तीनदा जेवायला घाला. घाला म्हणणं सोपं होतं. ती गोळ्यासुद्धा त्या एका जेवणातच घ्यायची.

अतिशयनं कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. माझी आई तुमच्या गेमसाठी एकदाच जेवते, कृपा करून तारीख तरी सांगा. उत्तरात त्याच्या उत्साहाबद्दल आभार मानले होते. हेच त्यानं गेमवाल्यांच्या चर्चेत लिहिलं तर चारशे जणांनी हसण्याची चित्रं टाकली आणि एकानं लिहिलं की भावा, वाट बघणाऱ्यात तू एक नंबर. फोन त्यानं गादीवर फेकला आणि उशीत तोंड घालून रडला.

जूनमध्ये कळलं की महाराज पायी विहार करत पुण्याकडे चाललेत आणि सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला पोचलेत. अतिशय मेढ्याला गेला, तिथून बिरदेवच्या मोटारसायकलवर दोघं खंडाळ्याला. वाटेत बिरदेव म्हणाला, त्याच्या मनात बरेच दिवस होतं ते.

“एक बोलू का गड्या? लपून खेळला असतास तर कुणाला कळलं असतं?”

कळायचा प्रश्नच नाही, असं अतिशय म्हणाला. आई माझ्या नियमावर उपाशी बसलीय. मी मोडला तर तिचं सगळं वाया जाईल. बिरदेवनं गाडीचा वेग वाढवला.

महाराज एका शाळेच्या वर्गात बसले होते. अतिशयनं सगळं सांगितलं, गेम म्हणजे काय, मुदत कशी ठेवली, तारीख कशी पुढं जाते. लाजेनं त्याचं बोलणं अडखळत होतं. महाराजांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुझं प्रायश्चित्त मी आत्ता देतो, तू मोकळा होशील,” ते म्हणाले. “पण आई तुझा नियम पूर्ण होईपर्यंत बसलीय. मोडलेला नियम पूर्ण होत नाही, बाळ. तिनं स्वतः येऊन सोडवा म्हटलं तर मी बघेन.”

त्यानं घरी येऊन आईला हात जोडले. गाडी करतो, खंडाळ्याला चल, दोन शब्द बोल. गुणमाला भिंतीला टेकून बसली होती. हल्ली ती बसताना भिंत शोधायची.

“नियम काय बाजारातनं आणलेलं लुगडं न्हाई, परत द्यायला,” ती म्हणाली. “मी सोडला तर तुझा टिकायचा न्हाई. तुझा पुरा झाला की माझा आपोआप सुटतोय. त्या कंपनीवाल्यांस्नी गेम कवा आणायचा ते आणू दे.”

तिला वाटत होतं, आपल्या भुकेवर मुलाचा शब्द उभा आहे. त्याला वाटत होतं, आपल्या एका शब्दानं आई संपत चाललीय. एकाच घरात दोघं एकमेकांना सांभाळत होते आणि त्यातच ती दिवसेंदिवस खंगत होती. अतिशयनं स्वतःचंही जेवण कमी करून बघितलं, तर तिनं ताट समोर ठेवून त्याला खायला लावलं.

ऑगस्टमधला एक बुधवार. दुपारी तीन-साडेतीनला ऑफिसात त्याच्या फोनवर बातमी आली. ग्रेफोर्डचं काम कायमचं थांबवण्यात येत आहे. ‘जड अंतःकरणानं’ असं कंपनीनं लिहिलं होतं. गेम येणार नव्हता. मार्चला नाही, वर्षअखेर नाही, कधीच नाही.

अतिशय जिन्यात जाऊन बसला. सात वर्षं ज्याची वाट बघितली तो गेला याचं दुःख त्याला झालंच नाही, तेवढी जागाच उरली नव्हती. आई आता मरेपर्यंत एकदाच जेवणार, आणि ते मरण फार लांब नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बिरदेवचा फोन आला. त्यानंही बातमी वाचली होती.

“लय वाईट झालं रं. आता?”

“आता आईला गेम आला म्हणून सांगतो.”

बिरदेव हळू म्हणाला, “मग तिच्या म्होरं खेळावं लागंल तुला. जमंल?”

सव्वापाचला तो घरी आला. खोटं बोलायचं म्हणून वाटेत त्यानं बस्तीसमोरून जायचं टाळून मोठा वळसा घेतला होता. आई कॉटवर पडून होती. आला, असं तो म्हणाला. ती एकदम उठून बसली, आणि त्याला तिला धरावं लागलं. खरंच आला का, असं तिनं दोनदा विचारलं. मग तिनं तोंड धुतलं, देवापुढं उभी राहून नमोकार म्हटला आणि स्वतः चुलीकडं गेली. तू बस, मी करते, या त्याच्या म्हणण्याकडं तिनं लक्षच दिलं नाही. जैनांत सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून ती घाई करत होती. तेरा महिन्यांत पहिल्यांदा तिनं संध्याकाळी दोन भाकऱ्या थापल्या.

ताट घेऊन ती त्याच्या खोलीत आली आणि खुर्चीवर बसली. ज्याच्यापायी एवढं केलं ते बघू तरी दे, म्हणाली.

अतिशयनं कॉम्प्युटर सुरू केला. सेलमध्ये घेऊन न उघडलेल्या गेममधून एक निवडला. नदीतून माल पोचवणाऱ्या एका म्हाताऱ्या नावाड्याचा गेम होता. गेमचं नाव इंग्रजीत होतं, आई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, तिला ते वाचता येणार नव्हतं. त्यानं बटण दाबलं आणि तेरा महिने पाळलेला नियम तिथं मोडला. पडद्यावर नाव सुटली.

आईनं पहिला घास घेतला. यातला तू कोण, असं तिनं विचारलं. त्यानं नावाडी दाखवला. मग ती चावत चावत बघत राहिली. खडक आला की घास हातात धरून थांबायची, नाव सुटली की खायची. अतिशयच्या लक्षात आलं आणि तो खडक चुकवायला लागला. खेळण्यात काडीची गोडी नव्हती. ज्या खेळासाठी जीव टाकला होता, तो आता त्याला किळसवाणा वाटत होता, आणि हात क्षणभरही काढता येत नव्हता. डोळे भरून आले तरी त्यानं मान वळवली नाही.

“छान हाय,” गुणमाला म्हणाली. “आता रोज माझ्यासमोर खेळत जा. एवढं थांबलास तू.”

बरं, असं तो म्हणाला. खिडकीतलं ऊन अजून भिंतीवर होतं आणि तिच्या ताटात दुसरी भाकरी तशीच होती. तिनं तिचा तुकडा मोडला, आणि त्यानं नाव पुढच्या वळणाकडं नेली.