खांबावरची रेघ

आमच्या नगरपालिकेचा रंगारी भारी गमत्या माणूस. 'येथे वाहने लावू नयेत' अशी पाटी रंगवायचा आणि वाळेपर्यंत आपली सायकल तिलाच टेकवून ठेवायचा. कुणी हटकलं तर म्हणे, "मी लिहिलंय लोकांसाठी. मला वाचता येतं कुठं?"

पण गावात तो ओळखला जाई निळ्या रेघेसाठी. त्या मोठ्या चक्रीवादळात समुद्र गावात शिरला होता. तो ओसरल्यावर पालिकेने ठरवलं, पाणी जिथवर चढलं तिथे विजेच्या खांबांवर रेघ ओढायची. पुढच्या खेपेला लोक आपणहून पळतील. रंगारी शिडी घेऊन गल्लीगल्ली फिरला. आपल्या थोरल्या भावाच्या, दादाच्या घरासमोरचा खांब मात्र त्याने एकही गंमत न करता रंगवला. त्या पाण्यात दादा शेजाऱ्यांसाठी दोर आणायला घरातून खाली उतरला होता. तो पुन्हा दिसला नाही. देहही मिळाला नाही.

त्याची वहिनी त्या घरात एकटीच राहिली. बाजारात जातानाही दार नुसतं लोटून जायची. शेजारी म्हणून मी एकदा बोललो, "अहो, चोर शिरेल."

"शिरू दे. ज्याला यायचंय त्याला कुलूप दिसायला नको."

संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना आत बोलणं ऐकू यायचं. आवाज एकटा तिचाच. मध्येच ती थांबायची, समोरच्याने उत्तर द्यावं एवढी. मग हसायची. मी भराभर पाय उचलून पुढे जायचो, बरं का.

वर्षं गेली आणि पुन्हा तसंच वादळ निघालं. पालिकेने फांद्या छाटल्या, गटारं उपसली, शाळेत सतरंज्या टाकल्या. भोंग्याची गाडी ओरडत फिरली. गल्ली रिकामी झाली, मीच काय तो दाराला कुलूप लावत मागे राहिलो होतो. वहिनी हलेना. रंगारी धावत आला.

"वहिनी, चला. पाणी येणारे."

"येऊ दे. भावजी, तुमचीच रेघ बघा. माझ्या कमरेला लागते. तुमच्या दादांच्या मांडीला लागेल. विहिरीत सूर मारणारा माणूस मांडीभर पाण्यात बुडतो होय? ते रुसून कुठंतरी गेलेत. येतील. तेव्हा घरात कुणी नको का?"

रंगारी खांबाकडे बघतच राहिला. ही रेघ त्याने शिडीवर चढून ओढली होती! ती कमरेला कशी आली? रेघ काही हलली नव्हती, रस्ता वर आला होता. मागच्या वादळात पडलेल्या घरांचा राडारोडा पालिकेने आमच्या खोलगट गल्लीत पसरला, वर रोलर फिरवला. पुढेही जे जे पडलं त्याची भर इथेच. छातीइतक्या जोत्यावरचं वहिनीचं घर. पायऱ्या चढून जावं लागे तिथे आता सरळ पाऊल पडायचं. रोज त्यावरून चालणारे आम्ही, एकाच्याही ध्यानात येऊ नये!

तो माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "आबा, पाणी खरं किती होतं ते दाखवलं तर ती मोडेल. नाही दाखवलं तर बुडेल."

मी घरातून कुदळ आणली.

वारा पडला होता, पान हलत नव्हतं. आम्ही तिच्या दारासमोर खणू लागलो. डांबर निघालं, मग कौलं, कपाचा कान, कुणाच्या तरी खिडकीची हिरवी फळी. सगळी जुनी गल्ली पायाखालून वर येत होती. मग एक दगडी पायरी लागली. तिच्याखाली आणखी एक. सगळ्यांत खालच्या पायरीपाशी, जुन्या रस्त्यावर रंगारी उभा राहिला, खांबाला टेकला आणि हात वर केला. बोटं रेघेला पोचली नाहीत.

"वहिनी," तो खालून म्हणाला, "दादा इथं उतरला होता."

ती खड्ड्याच्या कडेला येऊन वाकली. "एवढं खोल?"

"एवढं."

तिने खालच्या पायरीपासून रेघेपर्यंत नजर नेली. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाली, "मग मी इतकी वर्षं बोलत कुणाशी होते?"

लांब समुद्र घुमायला लागला होता. तिने दार ओढून घेतलं, पण कडीला घालायला घरात कुलूपच नव्हतं.

"आबा, तुमच्याकडे आहे का एखादं?"

माझ्या दाराचं काढून दिलं. तिने ते लावलं, ओढून पाहिलं आणि मागे न बघता भावजींबरोबर शाळेकडे चालू लागली.

पाणी आलं, रेघेपर्यंत चढलं, गेलं. घर तसंच उभं राहिलं. वहिनी आता रंगाऱ्याकडे असते. पोराबाळांत रमली म्हणतात. कुलूप अजून तिथेच आहे, माझंच. संध्याकाळी त्या दारावरून जातो तेव्हा आत काही आवाज नसतो. बोलता बोलता ती मध्ये थांबायची ना, तेवढी शांतता मात्र आहे.