पहिल्या राणीची तुटक रेघ

अण्णा गेले, हे त्यांच्या थोरल्या मुलाला मी फोनवर सांगितलं. इथे अमेरिकेत हर्नडनमध्ये सकाळ होती, कराडला संध्याकाळ. माधव दुकान बंद करत होता, शटर ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. कुलूप लावून झाल्यावर म्हणाला, "आत्या, मी केस काढू का?" बाप गेल्यावर मुलाने विचारायची ही गोष्ट नव्हे. आमच्याकडे कुणी विचारत नाही, न्हावी बोलावतात. पण माधवला विचारावं लागलं, आणि मलाही उत्तर द्यायला वेळ लागला, कारण वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इंदूताई, त्याला सांगा, तिकडे काही करू नकोस म्हणावं. इथे रोहन सगळं करतोय." मी मान हलवली आणि फोनमध्ये म्हटलं, "काढ." वहिनी आत गेल्या.

अण्णा माझे सख्खे थोरले भाऊ. ते साताऱ्याला शिकत होते, घरी म्हशी होत्या, आई एकटी पडत होती, म्हणून मला चौथीनंतर शाळेतून काढलं. ही तक्रार नाही असं लिहिणार होते, पण तक्रारच आहे. अण्णा इंजिनियर झाले. यमुनेशी लग्न झालं, माधव झाला, मग अमेरिका झाली. स्थिरस्थावर झालो की दोघांना घेऊन जातो, असं अंगणात सगळ्यांसमोर सांगून गेले. काही वर्षांनी कागद आले ते घटस्फोटाचे; तिकडे त्यांनी या वहिनींशी लग्न ठरवलं होतं. यमुनावहिनीने कुठे सही करायची तेवढं विचारलं. माहेरी गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात काविळीने गेली. तिला कुणी दवाखान्यात वेळेवर नेलं की नाही, हे विचारायलासुद्धा आमच्यातलं कुणी गेलं नाही. माधवला मी माझ्या सासरी आणलं. मला मूल नव्हतं. माझा नवरा म्हणाला, "असू दे, घरात आवाज राहील." इतकं साधं होतं ते. अण्णांना तेवढं साधं कधी जमलं नाही.

नवरा गेला, माधवचा संसार मार्गी लागला, आणि अण्णांनी बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेसाठी घातलेले माझे कागद मंजूर होऊन मी इथे आले. विमानतळावर अण्णा आणि त्यांचा इथला मुलगा रोहन घ्यायला आले होते. रोहन तेव्हा कॉलेजात होता, इथलाच जन्म, मराठी मोडकं पण गोड. गाडी चालवता चालवता म्हणाला, "आत्या, माधवदादा तुला खूप मिस करेल ना? ही इज युअर ओन्ली सन." मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मला आयुष्यात मूल झालं नाही, आणि या देशात उतरल्यावर कळलं की मला एक मुलगा आहे. तेव्हा मी काही बोलले नाही. पाहुण्याने पहिल्या दिवशी काय बोलायचं... आणि मग पहिला दिवस निघून जातो.

रिटायर झाल्यावर अण्णांनी बेसमेंटमध्ये एक राजा पाळला. पाळला असंच म्हणते मी. इंग्लंडचा अकराशे वर्षांपूर्वीचा एडवर्ड नावाचा राजा. त्याच्यावरची पुस्तकं लायब्ररीतून यायची, आणि भिंतभर कागद जोडून अण्णांनी त्याची वंशावळ काढली होती. चार वाजता मी चहा घेऊन खाली जायची आणि धुतलेले कपडे घडी करत ऐकायची. त्या राजाच्या तीन बायका, पुष्कळ मुलं. कुठली मुलगी कुठल्या देशात दिली, कुठली मठात गेली, अण्णांना सगळं तोंडपाठ. माधवच्या मुलीचं नाव मात्र दर वेळी मला विचारायचे.

एकदा म्हणाले, "इंदे, ऐक. या राजाचा थोरला मुलगा अथेलस्टन. त्याला लहानपणीच बापाने दुसरीकडे पाठवलं. कुणी वाढवला सांग?"

"आजीने."

"आत्याने! ती स्वतः राज्य चालवायची. किल्ले बांधले, लढाया केल्या."

"मी पोळ्या केल्या," मी म्हटलं.

अण्णा मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला. मी टॉवेलची घडी घातली आणि विचारलं, "त्या पोराची आई कुठे होती?" अण्णा म्हणाले, "पहिली बायको ना... तिचं नक्की माहीत नाही. त्या वेळच्या कुणी तिचं नावच लिहिलं नाही. पुढे लोक म्हणायला लागले की लग्नाची नव्हतीच." तक्त्यावर सगळ्यांच्या रेघा सरळ होत्या, तिची तेवढी तुटक. ज्याची खात्री नसते त्याची रेघ तुटक काढायची पद्धत असते, असं त्यांनी मला समजावलं. मी विचारलं, "लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, की लिहायचं नव्हतं?" अण्णांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. त्यांना काही सांगायचं होतं म्हणूनच ते मला हा राजा सांगत होते, असं आता पुष्कळ जण म्हणतील. मला तसं म्हणायचं नाही. सांगायचं असतं तर माणूस अकराशे वर्षं मागे जात नाही.

शोकसभेला हॉल भरला होता. पडद्यावर फोटो सरकत होते, खाली इंग्रजीत लिहिलं होतं, पत्नी आणि एकुलता एक मुलगा. एक काका माइक घेऊन म्हणाले, "इतका फॅमिली मॅन मी पाहिला नाही, यार. फॅमिली म्हणजे सर्वस्व." लोकांनी डोळे पुसले. मी मागे जेवणाच्या ट्रेंजवळ बसले होते. उठून बोलावं असं वाटलं, पण मी ट्रेंची झाकणं नीट करत राहिले. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात का?" मी म्हटलं, "हो." तेही खोटं नव्हतं.

तेराव्यानंतर वहिनींनी नातेवाईकांना व्हिडिओ कॉल लावले. माधव पडद्यावर आला तो मुंडन केलेला. अगदी अण्णाच. अण्णांचं टक्कल पडलं तेव्हाचा चेहरा. रोहन म्हणाला, "दादाने पण केलं?" वहिनी चटकन म्हणाल्या, "अरे, तिकडे सगळेच करतात." माधवने मान खाली घातली. माझ्याकडे बघितलं नाही, कारण मी काही बोलले तर त्यालाच अवघड झालं असतं. इतकी वर्षं तो असाच वागला, कुणाला अवघड होऊ नये म्हणून.

वहिनींना आता बेसमेंटमध्ये पाहुण्यांची खोली करायची आहे. गेल्या रविवारी रोहन तक्ता काढायला खाली गेला. चार वाजले होते, मी सवयीने चहा घेऊन गेले. तो एकेक टेप सोडवत होता. मध्येच थांबून बोट ठेवलं, "आत्या, ही एकच लाइन डॉटेड का?"

"ती पहिली राणी. तिचं कुणी काही लिहून ठेवलं नाही."

"आणि हा मुलगा?"

"त्याला आत्याने वाढवलं."

"लाइक यू अँड माधवदादा," तो हसून म्हणाला आणि पुढची टेप सोडवायला लागला. मग त्याचा हात थांबला. पाठ माझ्याकडे होती. तसाच म्हणाला, "पण आत्या त्याची आई नव्हती."

"नव्हती."

"दादाने केस का काढले?"

मी कप टेबलावर ठेवला. वरून वहिनींच्या चालण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "बाप गेला म्हणून."

तो अण्णांच्या खुर्चीत बसला. रडला नाही, ओरडला नाही, वर जाऊन आईला जाब विचारला नाही. कागदाचं एक टोक भिंतीवरून लोंबत होतं, ते त्याने अंगठ्याने दाबून परत चिकटवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"यमुना."

त्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. त्या खोलीत अण्णा रोज बसत होते, आणि मी ते नाव तिथे पहिल्यांदा ऐकलं. तक्ता अजून भिंतीवर आहे. चार वाजता मी चहा खाली नेते.